ढगांचा कागद

मी चुकले. मी! डोळे मिटून, दोन्ही हातांत एकेक ताव धरून, सगळ्या कचेरीसमोर ‘उजवा जाड’ असं ठणकावून सांगितलं आणि उजवा निघाला पातळ. आमच्याकडे कागदाच्या नमुन्यांचं नवं बाड आलं की हा खेळ होतोच. मी डोळे मिटायचे, कुणीतरी हातात ताव ठेवायचे आणि मी नुसत्या बोटांनी जाडी सांगायची, पोत सांगायचा, अंगात आलंच तर कुठल्या मिलचा तेही सांगून टाकायचं. खेळ कसला, माझं कौतुक करून घ्यायची सोयच ती, आणि मला कौतुक आवडतं, त्यात लाजायचं काय? आम्ही पुस्तकं रचतो. अक्षरं, चित्रं, मुखपृष्ठ हे माझ्या सुनेचं राज्य, कचेरीही आता तीच चालवते. कागद मात्र माझा. कुठलं पुस्तक कुठल्या कागदावर छापायचं यात शेवटचा शब्द माझा, आणि तो आजवर कुणी खाली पडू दिलेला नाही. त्यामुळे मी डोळे उघडले तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. “हात गार पडले असतील, आई,” सून म्हणाली आणि तिनं ते ताव माझ्या हातातून अलगद काढून घेतले. मग सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हटलं, चला, म्हातारीला एक चूक माफ. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

चहा पिऊन मी हात धुवायला म्हणून गेले आणि आतून कडी लावून घेतली. अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. टॉवेलची किनार चिमटीत धरली, मग भिंतीवरची फरशी, दोन फरशांमधली सिमेंटची रेघ, अंगातल्या स्वेटरची वीण. सगळं लागत होतं, पण लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं. आदल्या वर्षी मी आजारी होते, चांगलीच होते, आणि औषधं सुरू करताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटांना मुंग्या येतील, थोडा बधिरपणा राहील, कुणाचा जातो, कुणाचा जात नाही. मी म्हणाले होते, “अहो, आधी जीव राहू दे, बोटांचं नंतर बघू.” तर ते नंतर आता आलं होतं. मुंग्या थांबून बरेच दिवस झाले होते. मला वाटलं, गेलं दुखणं. मुंग्यांबरोबर बाकीचंही निघून गेलंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण हात सवयीनं सगळं करत होते आणि तोंडही सवयीनं बोलत होतं. गेल्या काही महिन्यांत मी जे ‘वा, काय पोत आहे’ म्हणत होते ते बोटांनी सांगितलं म्हणून की वहिवाटीनं, कोण जाणे. आरशातल्या बाईला विचारलं, आता काय गं करणार तू? ती मेली काही बोलेना.

माझं सगळं बोटांतच होतं हो. घरात दारात सगळ्यांना ते ठाऊक. नवरा होता तोवर मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या. त्याची माझ्याबद्दल तक्रार एकच होती, की ही बाई माझ्यापेक्षा कागदाचा हात जास्त वेळ धरते. खोटं नव्हतं. लग्नाआधी त्यानं मला स्वतःची एक कविता वाचायला दिली होती. मी कोपरा चोळत बसले आणि म्हणाले, कागद फार छान आहे. बिचाऱ्यानं हाय खाल्ली, कविता करणं सोडलं, पण लग्न माझ्याशीच केलं. मुलगा झाला तेव्हा नर्सनं तो माझ्या कुशीत दिला, मी त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि तोंडातून निघालं, “अगं बाई, हा तर शब्दकोशाचा कागद!” शब्दकोशाला लावतात ना, अगदी पातळ आणि तरी पलीकडचं दिसू न देणारा, तो. नर्सला वाटलं, भूल उतरली नाही अजून. तो मुलगा आता पूल बांधतो, महिन्यातले चार दिवस घरी असतो, आणि उरलेले दिवस त्याची बायको नि मी एका घरात, एका कचेरीत, एकमेकींच्या डोक्यावर मिरे वाटत सुखानं राहतो. त्याच्या कानाची पाळी आज धरली तर काय लागेल माझ्या बोटांना? या विचारानं मात्र मला रडू आलं. नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड धुतलं, केस नीट केले आणि जागेवर येऊन बसले, कारण टेबलावर ढगकाकांचं पुस्तक होतं.

ढगकाका म्हणजे हवामान खात्यातले निवृत्त निरीक्षक. वेधशाळेच्या गच्चीवर उभं राहायचं, ढग बघायचे आणि त्यांची जात लिहून ठेवायची, ही त्यांची नोकरी. लिहून झालं की त्याच ढगाचं ते पेन्सिलीनं चित्र काढायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि घरी नेऊन पलंगाखाली ठेवायचे. निवृत्त झाले, बायको गेली, नजर मंद होत चालली, तेव्हा कुठं एका पुतणीनं पलंग हलवला आणि हा सगळा आकाशाचा पसारा उजेडात आला. आमच्या प्रकाशकांनी तो एकदा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हिशेब न मांडता हो म्हणाले. मी चित्रं पाहायला गेले होते तेव्हा ढगकाकांना विचारलं, इतका हलका ढग काढता तरी कसा? ते म्हणाले, “ढग मी काढत नाही बाई. मी आभाळ काढतो. ढग राहतो.” मी पुन्हा खाली वाकून बघितलं. खरंच की! पेन्सिल फिरलेली होती ती सगळी भोवतालच्या आभाळावर, करड्याच्या कितीतरी छटा एकीवर एक चढवत, काठाशी येता येता विरत. आणि ढगाच्या जागी पेन्सिलीचा ठिपकादेखील नाही. तिथं कोरा कागद. म्हणजे ढग कागदाचाच! म्हणजे त्या पुस्तकातले सगळे ढग मीच निवडणार! घरी येताना मी रस्त्यावरून चालत होते की वरून, मला माहीत नाही. एवढी वर्षं लोकांच्या अक्षरांखाली नि चित्रांखाली कागद अंथरला, आणि आता पहिल्यांदा कागद हेच चित्र होतं.

सुनेचं मत वेगळं होतं आणि ती काही मूर्ख नाही. तिला गुळगुळीत लेपाचा कागद हवा होता, न चमकणारा, पण लेपाचा. त्यावर शाई वरच राहते आणि करडी छटा जशीच्या तशी उतरते. बिनलेपाचा कागद शाई पितो, पसरवतो, आणि इतक्या नाजूक पेन्सिलीची माती होते. “आई, तुम्हाला मऊपणा हवाय आणि मला त्यांची रेघ हवीय,” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुझ्या कागदाचा पांढरा बघ जरा. ट्यूबलाइट आहे ती! त्यावरचा ढग दवाखान्यातल्या चादरीसारखा दिसेल, आणि दवाखान्यातल्या चादरी मी भरपूर बघितल्यात.” प्रकाशकांनी मध्ये पडून सांगितलं की दोन्ही कागदांच्या डमी करू. डमी म्हणजे कोरं पुस्तक: जो कागद ठरेल त्याचं, त्याच आकाराचं, तेवढ्याच पानांचं, शिवून बांधून तयार, आत एक अक्षरही नाही. ते हातात घ्यायचं, उघडायचं, आणि मग बोलायचं. इथवर ठीक होतं. पण दाराशी जाऊन ते परत फिरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, बिनलेपाचा असा कागद मिल वर्षातून एकदाच काढते. एकदा मागणी गेली की फिरवता येणार नाही. तुम्ही आत्ताच आजारातून उठलाय. छापखान्याचे व्यवस्थापक म्हणताहेत की कागदाचं पुढं तेच बघतील. या वेळी तुमचं जमलं नाही, तर मग त्यांच्यावरच सोपवतो. तुम्हालाही आराम.” आराम! मला इतका राग कधी आला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. कुणी आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागलं की समजावं, आपली खुर्ची हलवायला माणसं निघालेली आहेत.

तर कागद निवडायचा होता, आणि निवडायचा कशानं? नमुन्यांची खोली आमच्या कचेरीच्या मागच्या अंगाला आहे, उत्तरेला मोठी खिडकी, तिन्ही भिंतींना सपाट खण, आणि खोलीभर तो वास, जो मला अजूनही शाळेच्या पहिल्या दिवसासारखा उभारी देतो. दार लोटून घेतलं आणि खणाखणातून ताव काढून टेबलावर पसरले. बोटं सवयीनं धावली. एक ताव चोळला, दुसरा चोळला, तिसरा. सगळे सारखे. चिडून मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वर्गात खोडकर पोरांना बांधायला लावतात तसे, आणि नुसती बघत उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग मी ढगकाकांचं एक मूळ चित्र आणून त्याचा कोरा कोपरा एकेका तावाशेजारी ठेवायला सुरुवात केली. कागद पांढरा असतो असं ज्यांना वाटतं त्यांचा मला हेवा वाटतो, किती सुखी माणसं! एक निळसर पांढरा, तो धुण्याचा. एक पिवळसर, तो जुन्या दातांचा. एक गुलाबी झाक मारणारा, लाडात आलेला. ढग यांतल्या एकाचाही नव्हता. अर्ध्याहून जास्त ताव तिथंच बाद केले. उरलेल्यांचा एकेक कोपरा धरून हवेत हलवला आणि कान दिला. काही पत्र्यासारखे कडकडले. काही नुसतेच लोंबले, मेलेले. दोन-तीन असे होते की ते हलले आणि दाबून धरलेला, भरलेला आवाज आला, घडी घातलेली चादर झटकावी तसा. ते बाजूला ठेवले. आणि मग, कसं सुचलं माहीत नाही, त्यांतला एक उचलून गालाला लावला. अहाहा! गाल जिवंत होता! औषधानं बोटं खाल्ली होती, गालापर्यंत ते पोचलंच नव्हतं. बारीक लव असलेला, थंड नाही, ऊनही नाही, किंचित अडवणारा आणि मग वाट देणारा. मी डोळे मिटून तो गालावरून, ओठांवरून, हनुवटीखालून फिरवत होते आणि हसत होते. तेवढ्यात सून आत आली. “आई! काय करताय?” मी म्हटलं, “कागदाचा मुका घेतेय. तू जा, तुझं काम कर.” ती गेली, पण दार उघडंच ठेवून गेली.

त्या गालाच्या कागदाला मी हो म्हटलं. मिलकडून त्याचे ताव मागवले, सुनेनं तिच्या कागदाचे आणले, आणि दोन्ही बाइंडरकडे गेले. पण तुम्हाला खरं सांगते, पूर्वीचा ‘हो’ वेगळा असायचा. पूर्वी तो बोटांतून निघून कोपरापर्यंत चढायचा आणि मग कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. या वेळचा ‘हो’ कच्चा होता. जेवताना वाटायचं, बरोबर आहे. अंघोळ करताना वाटायचं, बाई गं, गालानं कधी कुणी पुस्तक छापलंय का? घरात सून समोर बसून भाजी निवडायची, मी तिच्या बोटांकडे बघत राहायचे. तिची बोटं देठ मोडायच्या आधीच थांबायची, कोवळा की जून ते त्यांना आधीच कळायचं. मला तिचा इतका मत्सर वाटायचा, आणि तितकंच तिच्याजवळ सरकून बसावंसंही वाटायचं. सांगून टाकावं, असं कितीदा मनात आलं. पण सांगितलं की ती हळू आवाजात बोलायला लागणार, आणि तेवढं मला सोसलं नसतं.

डमी आल्या त्या दिवशी सगळे जमले: प्रकाशक, छापखान्याचे व्यवस्थापक, पुतणीचा हात धरून आलेले ढगकाका, सून आणि मी. दोन कोरी पुस्तकं टेबलावर. सुनेचं उघडलं आणि ते निवांत पसरलं, पान उलटलं की पान जाऊन पडायचं. मग माझं उघडलं. उघडलं म्हणण्यापेक्षा उघडायला लावलं. पानं ताठ उभी राहिली, हात काढला की पुस्तक फटकन मिटलं. प्रकाशकांनी पुन्हा उघडलं, ते पुन्हा मिटलं. व्यवस्थापकांनी तळहातानं दाबून धरलं आणि म्हणाले, “हे वाचायला दोन माणसं लागतील. एक वाचणार, एक बसणार वर.” कुणीतरी हसलं. ढगकाकांनी पुस्तक चाचपलं, हात मागे घेतला, आणि त्यांचा तो मागे गेलेला हात बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. प्रकाशकांनी घसा साफ केला. मला कळलं पुढं काय येणार ते. मनात एकच चाललं होतं, गेलं, संपलं, गालानं फसवलं, बोटं असती तर हा ताठपणा पहिल्याच चिमटीत कळला असता, बाई, घरी जा आणि भाजी निवड. आणि त्या घाबरगुंडीत एक फार घाणेरडा विचारही येऊन गेला: डमीचं काम बाइंडरकडे कुणी दिलं? सुनेनं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या पुस्तकाकडे बघत होती आणि तिचा चेहरा इतका पडला होता की माझी मलाच लाज वाटली. हरल्यासारखी ती दिसत होती, आणि जिंकत तर तीच होती.

व्यवस्थापकांनी माझी डमी नुसतीच चाळा म्हणून चाळली. फडफड झाली आणि मी दचकले. हा आवाज माझ्या कागदाचा नव्हता! खोलीत मी तो हलवला होता तेव्हा चादर झटकल्यासारखा बोलला होता. इथं कडकड करत होता. कागद तोच होता, पांढरा तोच, तो मी अंधारातसुद्धा ओळखला असता. मग आवाज का बदलला? मी पुस्तक पुढ्यात ओढलं आणि खाली वाकले. पाठीशी, जिथं पानं शिवून चिकटवलेली असतात तिथं, प्रत्येक पानाला बारीक लाटा पडल्या होत्या, आणि पुढं जात जात त्या विरून गेल्या होत्या. लाटा! अगं बाई, लाटा! मला हसूच फुटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, प्रकाशकांना वाटलं असेल, बाईंना धक्का बसला. मी म्हटलं, “थांबा, कुणी काही बोलू नका,” आणि डमीचं पहिलं पान धरून टराटरा वरून खाली फाडलं. “बाई!” प्रकाशक ओरडले. चीर सरळ जाईना, वेडीवाकडी पळाली, मध्येच भलतीकडे वळून कडेला गेली. मग दुसरं पान घेतलं आणि ते आडवं फाडलं, मोकळ्या कडेकडून पाठीकडे. सर्रकन! पट्टी ठेवून कापावं इतकी सरळ चीर. दोन्ही तुकडे टेबलावर आपटले आणि म्हटलं, “पुस्तक आडवं बांधलंय!”

यात गूढ काही नाही. यंत्रावर कागद वाहत वाहत तयार होतो आणि त्याचे तंतू वाहत्या दिशेनं निजतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असले की पान लवतं, आडवे आले की पान अडून बसतं आणि गोंदाच्या ओलाव्यानं लाटा धरतं. तंतूंच्या दिशेनं कागद सरळ फाटतो, त्यांना छेदून फाडायला गेलं की वाकडा. छपाईच्या वेळी ही दिशा सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात. कोऱ्या डमीच्या वेळी कोण बघतंय! सुनेनं तिथल्या तिथं बाइंडरला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बाइंडर बिचारा सरळ माणूस, म्हणाला, “हो, मिलचे ताव लहान आले होते ना, उभे बसेनात, म्हणून फिरवून आडवे घेतले. म्हटलं, नमुन्याची कोरी वही तर आहे. का हो, काही झालं का?” “काही नाही,” सून म्हणाली, “तुम्ही फक्त माझ्या सासूला घाम फोडलात.” तिनं फोन ठेवला आणि फाटलेले दोन्ही तुकडे उचलून व्यवस्थापकांच्या हातात दिले, एक वाकडा, एक सरळ. त्यांनी ते एकमेकांशेजारी लावून पाहिले. माझी छाती अशी फुगली होती की श्वास घ्यायला जागा उरली नाही! बोटांनी यातलं काही केलं नव्हतं. कानांनी केलं, डोळ्यांनी केलं, एवढ्या वर्षांत अंगात जिथं जिथं कागद शिरून बसला होता त्या सगळ्यानं केलं. आणि मी मठ्ठ, सगळी ठेव बोटांतच आहे असं समजून नळ सोडून रडत होते!

पुढच्या आठवड्यात मोठे ताव मागवून माझी डमी पुन्हा बांधली, उभी. प्रकाशकांनी ती उघडली, हात काढला, आणि पुस्तक पसरून तसंच पडून राहिलं. त्यांनी दुसरीकडे उघडलं, तिसरीकडे उघडलं. कुठंही उघडा. “घ्या!” मी म्हटलं, “आता मी आराम करू का?” ते खो खो हसले आणि दोन्ही हात जोडले. मागणी त्याच दिवशी गेली. शाईचा प्रश्न उरला होता आणि तो सुनेनं सोडवला, मी नाही. कागद शाई पिणार हे धरून तिनं एकेक चित्र आधीच हलकं केलं, छापखान्यात उभी राहून चाचणीचे ताव काढून घेतले, पुन्हा हलकं केलं, पुन्हा काढले, व्यवस्थापकांना भंडावून सोडलं. तिच्या हट्टापुढं त्या माणसानं हात टेकले आणि शेवटी तोच तिच्यापेक्षा हट्टी झाला. एका संध्याकाळी छापखान्यातून घरी येताना आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात चहाला थांबलो, आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, “माझी बोटं गेलीत गं. काही कळत नाही मला त्यांनी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“आई, तुम्ही आत्ता हा ग्लास सरळ उचललात. मला अजून धरवत नाहीये. औषधं संपली तेव्हापासून बघतेय मी, एवढा गरम चहा घेता आणि बोटं हलत नाहीत तुमची.”

मी ग्लास खाली ठेवला. “मग त्या खेळाच्या वेळी हात गार पडलेत म्हणालीस ते?”

“सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणू?”

“आणि तरी कागद माझ्यावर सोपवलास? एवढ्या मोठ्या पुस्तकाचा?”

“कागदाचं तुम्ही बघता ना,” ती म्हणाली, जशी काही मी भाजीत मीठ कुणी घालायचं ते विचारलं होतं. “मला तुमचा कागद पटला नव्हता, म्हणून भांडले. बोटांवरून नव्हते भांडत. आणि तो गालाचा प्रकार बघितला तेव्हा तर म्हटलं, आता या बाईला कोण अडवतंय.” मग आवाज जरासुद्धा न उतरवता, चांगल्या खणखणीत सुरात म्हणाली, “आणि हे बघा, उद्यापासून ग्लास वरच्या काठाला धरून उचला. हात भाजून बसाल तर दवाखान्यात मी येणार नाहीये.” दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, मी आणखी एक चहा मागवला.

पुस्तक बांधून आलं त्या दिवशी पहिली प्रत घेऊन आम्ही दोघी ढगकाकांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पाट घेऊन, कारण आता टेबलावर वाकणं त्यांना जमत नाही. पुतणीनं पाट पुसला, मी पुस्तक त्यावर ठेवलं आणि मागे सरकले. ज्यानं ते ढग प्रत्यक्ष पाहिले होते, तो हा एकच माणूस. बाकी सगळ्या जगाला मी फसवू शकले असते. त्यांनी पुस्तक उघडलं. ते पसरून पडलं. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं, डोळे अगदी पानाजवळ नेऊन. खिडकीतला उजेड कागदावर पडत होता आणि कागद तो झळकवून परत फेकत नव्हता, आत घेत होता. भोवती त्या करड्या आभाळाच्या सगळ्या छटा, सुनेनं मोजून मोजून हलक्या केलेल्या, आणि मधे जिथं छापखान्याची शाई लागलीच नव्हती तिथं माझा कागद, भरून आलेला, काठ विरलेला. ते ओठ हलवत होते. ढगाचं नाव घेत असावेत, किंवा त्या दिवसाचं. मग आणखी एक पान उलटताना त्यांचा तळहात खाली येऊ लागला आणि पानापासून बोटभर वर असतानाच थबकला. त्यांनी मनगट उचलून धरलं, करंगळी तेवढी पाटाच्या काठाला टेकवली, आयुष्यभर पेन्सिल धरलेली माणसं धरतात तसं. सुनेला राहवलं नाही, तिनं पुढं होऊन त्या ढगाच्या काठावर बोट ठेवायला हात पुढं केला.

“हं हं, हात नका लावू,” ढगकाका घाईघाईनं म्हणाले. “पुसलं जाईल.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, गेलेल्या नवऱ्याला, प्रकाशकाला, डॉक्टरला, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आत ओढून आणून दाखवायचं होतं. पण मी खाली बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, “काका, छापलेलं आहे ते.”

“हो?” ते म्हणाले, आणि हात तसाच वर धरून पुढचं पान बघायला लागले.